वहिनींच्या फवारणी-नोंदी परत मिळवताना

एम.ई. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला मी ज्या विषयावर काम करते, तो ऐकायला अगदी छोटा आहे. द्राक्षाचं पान किती तास ओलं राहिलं, हे हवामानाच्या आकड्यांवरून सांगता येईल का? नाशिकमध्ये या प्रश्नाचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणी झाली, पोंग्यातून कोवळी फूट निघाली आणि नेमका त्याच वेळी पाऊस लागून राहिला, की बागेत डाऊनी हा बुरशीसारखा रोग येणार हे शेंबडं पोरही सांगतं. डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत पानाच्या रंध्रापर्यंत जातात आणि तिथून आत शिरतात. त्यामुळे पाऊस किती मिलिमीटर झाला याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, पान किती वेळ सुकलं नाही याला महत्त्व असतं. रात्री नुसतं दव पडलं आणि सकाळी ऊन उशिरा आलं, तरी तेवढं पुरतं.

हवामानाचे जुने आकडे फुकट मिळतात. युरोपातल्या हवामान केंद्राचा ईआरए-५ हा संच मी वापरते, त्यात तासातासाचं तापमान आणि आर्द्रता आहे. पण त्यात जमिनीचे चौकोन पाडून एका चौकोनाला एकच आकडा दिलेला असतो, आणि एक चौकोन साधारण ३० किलोमीटरचा. एवढ्या जागेत दिंडोरीचा चढही येतो आणि निफाडचा सपाट भागही येतो. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा थंडीचा आकडा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो, आणि त्याच सकाळी नाशिक शहरातला पारा बराच वर असतो. असल्या चौकोनावरून एका बागेतल्या पानाचं काय सांगणार? माझं गणित बरोबर येतंय की नाही हे ताडून बघायला त्या बागेत उभं राहून कुणीतरी लिहून ठेवलेली नोंद पाहिजे होती. सेन्सर लावून नवी नोंद सुरू करता आली असती, पण तिच्यात एकच हंगाम मिळाला असता. मला हवे होते जुने, पावसाने झोडपलेले हंगाम.

त्या नोंदी माझ्या मामांच्या घरी होत्या.

मामांची बाग दिंडोरी तालुक्यात. माल निर्यातीला जायचा, म्हणून फवारणीची नोंद ठेवणं आलंच. कोणत्या प्लॉटवर, छाटणीनंतर कितव्या दिवशी, कोणतं औषध, किती प्रमाणात, आणि काढणीच्या किती दिवस आधी ते बंद केलं, हे सगळं दाखवावं लागतं. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट यंत्रणेवर बागेची नोंदणी झाली, की घडाच्या मागे हा सगळा कागद चालतो. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि कंटेनर अडकले, तेव्हापासून तर मामांच्या घरी नोंदीला देवघराइतकाच मान मिळाला. ती नोंद ठेवायच्या वहिनी, म्हणजे माझ्या मामेभावाच्या पत्नी. लग्नाआधी त्यांनी मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. २००८ साली घरात कॉम्प्युटर आला आणि त्यांनी वहीतलं सगळं वर्डमध्ये घ्यायला सुरुवात केली. हंगामाला एक फाइल, फाइलीत एक लांबलचक तक्ता, आणि तक्त्याच्या शेवटी 'शेरा' नावाचा रकाना.

माझा जीव त्या शेऱ्याच्या रकान्यात अडकला होता. बाकीचे रकाने निर्यातीसाठी होते, शेरा वहिनींचा स्वतःचा होता. 'पहाटे धुई (म्हणजे धुकं), पानं ८ पर्यंत ओली.' 'रात्री झिमझिम, सकाळी वारं सुटलं, लवकर सुकलं.' हे त्यांना कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. पान ओलं असताना फवारलं तर औषध निथळून जातं, म्हणून पंप कधी जोडायचा हे ठरवायला त्या सकाळी बागेत चक्कर मारायच्या आणि आल्यावर लिहून ठेवायच्या. २००८ पासून २०१९ पर्यंतचे हंगाम. जगातला कुठलाही उपग्रह मला हे देऊ शकत नाही.

पुढे नोंदी मोबाइलवर आल्या आणि कॉम्प्युटर कोठीच्या खोलीत गेला. मूळ वह्या एका पावसाळ्यात पत्र्यातून गळून लगदा झाल्या होत्या. म्हणजे जे काही होतं ते त्या डब्यातच. मामांना विचारलं तर म्हणाले, "घेऊन जा ना पोरी, विचारायचं काय त्यात? चालू झाला तर तुझं नशीब."

चालू झाला. विंडोज एक्सपीची पाटी आली, डेस्कटॉप आला, वहिनींचा फोल्डरही उघडला. फाइलींची नावं दिसत होती. एक फाइल पेनड्राइव्हवर ओढली आणि पडद्यावरचं वाळूचं घड्याळ जे थांबलं ते थांबलंच. डब्याला कान लावला. खटखट येत नव्हती, नुसतीच एकसारखी गरगर, मध्ये हलका अडखळल्यासारखा आवाज, परत गरगर. मी लगेच बंद केला.

आवाजाला का महत्त्व द्यायचं ते सांगते. हार्ड डिस्कच्या आत फिरणाऱ्या चकतीवर वाचणारं डोकं काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ठरावीक लयीत खट, खट, खट ऐकू येत असेल तर ते डोकं बिघडलेलं असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी घरी काहीही करायचं नाही, वीजसुद्धा द्यायची नाही, धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची. तसा आवाज नसेल, डिस्क ओळखली जात असेल, पण वाचताना अडकत असेल, तर बहुतेक वेळा चकतीवरचे काही सेक्टर, म्हणजे मजकूर साठवायचे छोटे कप्पे, खराब झालेले असतात आणि बाकीची डिस्क अजून वाचता येते. माझ्याकडे दुसरा प्रकार होता. तरी अशी डिस्क किती तास टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून उरलेला प्रत्येक तास मजकूर बाहेर काढण्यातच गेला पाहिजे.

डिस्क काढून नाशिकला आणली. एम.जी. रोडला एका दुकानात डिस्क जोडायची सॅटाची चांगली केबल घ्यायला गेले, तर काउंटरवरच्या दादांनी डिस्क बघूनच सांगितलं, "मॅडम, ठेवून जा. चेक डिस्क मारून देतो, बॅड सेक्टर निघून जातील. नाहीच झालं तर फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकू." मी केबल घेतली आणि निघाले. दुकानदारांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर चालू करून हवा असतो आणि त्यासाठी ते हे करतात. पण चेक डिस्क हे दुरुस्तीचं हत्यार आहे, ते डिस्कवर लिहितं. वाचता न आलेल्या नोंदीला ते चुकीची समजून काढून टाकू शकतं, फाइलीचे तुकडे सुटे करून ठेवू शकतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास लिहायला लावणं म्हणजे आजारी माणसाला आधी उठवून त्याच्याकडून घर झाडून घेण्यासारखं आहे. लॅबमधल्या एका मित्राने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय सुचवला. हा उपाय वर्षानुवर्षं फिरतोय. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, ते आत चकतीवरही धरू शकतं. पानावरच्या दवाचा अभ्यास करणाऱ्या मुलीने तरी हे करू नये.

गाइड सरांनी लॅबमधला एक जुना डेस्कटॉप मला वापरायला दिला. यूएसबीच्या डबीतून डिस्क जोडता येते, पण खराब सेक्टर लागला की अशा डब्या बऱ्याचदा मध्येच संपर्क तोडतात, म्हणून सरळ मदरबोर्डलाच जोडली. मशीन पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केलं. विंडोज यासाठी नको, कारण डिस्क दिसली की ती आपणहून जोडून घेते आणि तिच्यावर काहीबाही लिहायला लागते.

पहिलं काम, डिस्कची प्रकृती विचारणं. प्रत्येक डिस्क स्वतःची हालहवाल लिहून ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात, आणि ती वाचायला स्मार्टसीटीएल ही आज्ञा आहे. मोठी यादी येते, पण मी चारच ओळी बघते. पाचवा क्रमांक, म्हणजे आजवर किती सेक्टर बदलून राखीव जागेत हलवले. १९७, म्हणजे किती सेक्टर वाचता येईनात म्हणून ताटकळत ठेवलेत. १९८, तसेच पण तपासणीत पक्के नापास झालेले. आणि १९९, जो केबलच्या दोषाने वाढतो. हा शेवटचा आकडा लोक बघत नाहीत आणि चांगली डिस्क भंगारात घालतात. आमच्या डिस्कचा १९९ शून्य होता, म्हणजे केबलवर ढकलायला जागा नव्हती. १९७ मात्र तीन आकडी.

मग डीडीरेस्क्यू. अंतोनियो दियाझ दियाझ या प्रोग्रामरचं हे काम, आणि ज्यांना ज्यांना ते कधी लागलंय त्यांना त्याची किंमत कळते. साधी कॉपी करणारी आज्ञा खराब सेक्टरशी आली की तिथेच डोकं आपटत बसते. डीडीरेस्क्यू अडेल तिथून लांब उडी मारून पुढे जातं. सहज मिळतंय ते आधी पदरात पाडून घ्यायचं, मग मागे वळून अडलेल्या जागांच्या कडा कोरायच्या, आणि सगळ्यात शेवटी एकेक सेक्टर खरवडायचा. हे सगळं ते एका छोट्या मजकुराच्या फाइलीत टिपत जातं. तिला मॅपफाइल म्हणतात. त्यात मिळालेल्या भागापुढे अधिकचं चिन्ह असतं, गेलेल्यापुढे उणे, कडा कोरायच्या राहिलेल्यापुढे तारा, खरवडायच्या राहिलेल्यापुढे तिरकी रेघ, आणि अजून हातच न लावलेल्यापुढे प्रश्नचिन्ह.

ही मॅपफाइल नसती तर माझं काम झालंच नसतं, कारण लॅब संध्याकाळी बंद होते. शिवाय त्याच लॅबमध्ये सेकंड इयरच्या मुलांचं प्रॅक्टिकल असतं, आणि स्टायपेंडच्या बदल्यात ते घ्यायची जबाबदारी माझ्यावर. एकीकडे मुलं लिंक्ड लिस्टमधला पॉइंटर हरवून 'मॅडम, सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून हाका मारतायत, आणि दुसरीकडे कोपऱ्यातल्या पडद्यावर वेग सेकंदाला साठ मेगाबाइटवरून खाली येत येत काही किलोबाइटवर आलेला. एकदा दुपारी लाईट गेली. त्या मशीनला यूपीएस नव्हता. लाईट आल्यावर तीच आज्ञा परत दिली आणि मॅपफाइल वाचून ते जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. डिस्कचं तापमान स्मार्टच्या १९४ व्या ओळीत दिसतं. ते चढायला लागलं तेव्हा टेबलफॅन शेजारी आणून ठेवला.

डिस्क १६० जीबीची होती. अशा डिस्कवर ५१२ बाइटचे ३१ कोटी २५ लाखांच्या आसपास सेक्टर असतात. पहिल्या फेरीतच ९९ टक्क्यांच्या पुढे मजल गेली. उरलेल्यासाठी मात्र पुष्कळ वाट बघावी लागली, कारण एकेका वाईट सेक्टरवर डिस्क स्वतःच कितीतरी वेळ झगडते. शेवटी काही शे किलोबाइट मिळाले नाहीत, तिथे मी हट्ट सोडला. डिस्क काढली, तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली आणि कपाटात ठेवली. हातात आलेल्या प्रतिमेचा, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब प्रतीचा, चेकसम (प्रत बदलली नाही ना हे ताडायचा आकडा) काढला, तिची आणखी एक प्रत केली आणि पुढचं सगळं काम त्या दुसऱ्या प्रतीवर, तीही फक्त वाचण्यापुरती जोडून.

फोल्डर उघडला तर एक सोडून सगळे हंगाम होते. २०१२-१३ ची फाइल नव्हती. फाइलीचं नाव आणि पत्ता ज्या यादीत असतो, त्या यादीचाच एक तुकडा खराब सेक्टरमध्ये गेला होता. फाइलीचा मजकूर दुसरीकडे शाबूत असण्याची शक्यता होती. अशा वेळी फोटोरेक कामाला येतं. नाव फोटोंचं असलं तरी ते कितीतरी प्रकारच्या फाइली हुडकतं. ते यादी बघतच नाही, थेट डिस्कवरच्या बाइटांत फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधतं. जुन्या वर्ड फाइलीची सुरुवात नेहमी त्याच बाइटांनी होते: डी-शून्य, सी-एफ, अकरा, ई-शून्य. नाव हरवलेल्या, नुसते आकडे असलेल्या फाइलींचा ढीग मिळाला. त्यात लग्नपत्रिकेचा मसुदा होता, सोसायटीचे अर्ज होते, आणि एका फाइलीत 'सन २०१२-१३' असं ठळक अक्षरात शीर्षक असलेला तक्ता होता.

इथवर येऊन मला वाटलं होतं की अवघड भाग संपला. पण हा सगळा मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होता.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांना हा प्रकार माहीत नाही, कारण आम्ही मराठी लिहायला लागलो तीच युनिकोडमध्ये. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. कृतिदेव, श्रीलिपी असे जुने फॉन्ट त्या आधीच्या जगातले. तिथे फाइलीत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवतो. भुरी (द्राक्षावरचा आणखी एक रोग) हा शब्द वहिनींच्या फाइलीत एच-के-क्यू-जे-एच असा साठवलेला होता. एच म्हणजे अर्धा भ, के म्हणजे त्याला पूर्ण करणारा काना, क्यू म्हणजे ऱ्हस्व उकार, जे म्हणजे र, आणि शेवटचा छोटा एच म्हणजे दीर्घ वेलांटी. फॉन्ट काढून घेतला की उरतो नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा, आणि माझ्या प्रोग्रामला फॉन्ट दिसत नाही, कचराच दिसतो.

कन्व्हर्टर तयार मिळतात. एकात एक हंगाम टाकला, वाचायला छान वाटला. मग 'धुई' शोधलं. एकही सापडलं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरचा आख्खा हंगाम आणि दिंडोरीत धुई नाही, हे शक्यच नव्हतं. डोळ्यांनी बघितलं तर पानोपान धुई होती. कृतिदेवमध्ये दीर्घ ई काढायला ऱ्हस्व इ वर रफाराचा तुकडा ठेवतात. कन्व्हर्टरने तो खराच रफार समजून 'धुर्इ' करून ठेवलं होतं. डोळ्याला जवळजवळ तेच दिसतं, मशीनसाठी तो वेगळाच शब्द. एकदा हे कळलं की मग सगळीकडे दिसायला लागतं, जुन्या मजकुरांतून कितीतरी ठिकाणी 'मुंबर्इ' अशीच फिरते आहे आणि ती कुठल्याच शोधात सापडत नाही.

तेव्हा मी स्वतःचा कन्व्हर्टर लिहायला घेतला, आणि इथे मला मनापासून मजा आली. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी साठवतात, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. नुसती एक घर पुढे सरकवून चालत नाही. 'स्थिती'मध्ये ती अर्ध्या स वर बसून राहते, तिला सगळं जोडाक्षर ओलांडून न्यावं लागतं. रफाराचं उलटं, तो नंतर साठवलेला असतो आणि युनिकोडला आधी लागतो. 'कार्यालय'मध्ये त्याला मागे येताना काना ओलांडून मग य च्या आधी जावं लागतं.

पण खरा धोका आकड्यांत होता. कृतिदेवमध्ये दशांशचिन्ह साठवतात आडव्या रेघेच्या जागी. म्हणजे वहिनींनी 'दीड ग्रॅम' या अर्थाने पडद्यावर १.५ लिहिलं, ते फाइलीत आहे १-५. 'आकडे तर आकडेच आहेत, त्यांना काय बदलायचं' असं म्हणून सोडून दिलं असतं, तर दीड ग्रॅमचं एक ते पाच ग्रॅम झालं असतं. आणि उलट बाजूने, औषधांची नावं वहिनींनी कधी मराठीत तर कधी साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये लिहिलेली. इंग्रजीत लिहिलेलं एम-४५ सरसकट बदललं की त्याचं होतं 'ड.४५', कारण कृतिदेवमध्ये एम म्हणजे ड. म्हणून फाइलीतला नुसता मजकूर उचलून चालणार नव्हतं, प्रत्येक तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते विचारायला हवं होतं. लिब्रेऑफिसने जुन्या फाइली नव्या वर्डच्या साच्यात घेतल्या आणि पायथनमधून एकेक तुकडा वाचत गेले. काही तुकड्यांवर फॉन्टचं नावच नसतं, ते परिच्छेदाच्या शैलीतून आलेलं असतं, मग एकेक पायरी वर चढून ते शोधायचं.

बरोबर झालंय की नाही ते कसं ठरवणार? मी उलटा कन्व्हर्टरही लिहिला. कृतिदेवचं युनिकोड करायचं, त्या युनिकोडचं पुन्हा कृतिदेव करायचं, आणि मूळाशी अक्षर अन् अक्षर जुळतंय का बघायचं. जुळलं नाही तर तो शब्द वेगळ्या यादीत. मूळ मजकुरात मी एकही दुरुस्ती केली नाही, वहिनींच्या टायपिंगच्या चुकासुद्धा तशाच ठेवल्या. दुरुस्त शब्द शेजारच्या रकान्यात आणि दुरुस्तीचं कारण त्याच्या शेजारी. सर म्हणाले, जागा वाया जाते. मला ते पटलं नाही. उद्या कुणी माझ्या आकड्यावर शंका घेतली तर त्याला वहिनींनी दाबलेल्या बटणापर्यंत मागे जाता आलं पाहिजे.

अडलेल्या शब्दांची यादी घेऊन दिंडोरीला गेले. थिनिंग चालू होतं, बायका मणी विरळ करत होत्या. वहिनी यादी बघून म्हणाल्या, "ताई, हे माझंच लिहिलेलं हाय व्हय? मला तर वाटलं गेलं सगळं." त्यांना मी एकच गोष्ट नीट विचारली. शेऱ्यात कुठे 'दव भारी' आहे, कुठे 'दव हलकं'. हे कशावरून ठरवायच्या? त्यांनी शेजारच्या वेलीचं पान धरून दाखवलं. पानावरून हात फिरवल्यावर तळहातावरून पाणी ओघळलं तर भारी, तळवा नुसता ओलसर लागला तर हलकं. आणि दर वेळी बांधाकडच्या दुसऱ्या ओळीतच बघायच्या, कारण तिथे ऊन शेवटी येतं. म्हणजे इतकी वर्षं एकाच जागी, एकाच पद्धतीने मोजमाप चाललं होतं. मी ते त्यांच्याच शब्दांत प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात घातलं आहे.

मग ताडून बघायची वेळ आली. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणच्या किनाऱ्यावर आलं आणि त्या हंगामात डाऊनीने द्राक्षाची वाट लावली. वहिनींच्या तक्त्यात त्या दिवसांत औषधाचे रकाने कोरे आहेत आणि शेऱ्यात आहे, 'चिखल, ट्रॅक्टर आत जात नाही, पानं दिवसभर ओली.' ईआरए-५ वरचं माझं गणितही त्या दिवसांत पान सुकू देत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लांबलेल्या पावसातही दोन्हींचा मेळ बसतो. जिथे मेळ बसत नाही ते दिवस मला जास्त महत्त्वाचे वाटतात. पाऊस नाही, आभाळ निरभ्र, थंडी कडक, आणि शेऱ्यात 'दव भारी, ९ पर्यंत'. अशा सकाळी माझं गणित पान फार लवकर सुकवतं. ३० किलोमीटरच्या चौकोनाला त्या उताराच्या तळाशी साचणारी गार हवा कळत नाही, असा माझा अंदाज आहे. बागेतल्या जागेची उंची आणि उतार गणितात घेऊन बघते आहे.

२०१४-१५ आणि २०१५-१६ चे तक्ते अजून वहिनींच्या नजरेखालून जायचे आहेत. त्या दोन वर्षांत प्लॉटची नावं बदलली होती आणि कोणतं नाव कुठल्या तुकड्याचं ते त्यांनाच माहीत आहे. रविवारी छापील पानं घेऊन जाणार आहे. मामांनी सांगून ठेवलंय, सकाळी माल बघायला व्यापारी येणार आहेत, तेव्हा दुपारी जेवायलाच ये.